आकु म्हणजे पान

सोलापूरच्या विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली एक खोली, दुपारचे तीन. बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दुमडायचं. पुन्हा पान. दीड वर्षाची पोर समोर बसून पानांच्या कापलेल्या कडा चिवडतेय. एक तुकडा उचलून ती आईच्या तोंडासमोर धरते. "आ... आ..." आई वर न बघता "हूं" म्हणते. पोर तुकडा पुन्हा पुढे करते. पुन्हा "हूं". तिसऱ्यांदा ती काही करत नाही.

तेवढ्यात दारात चपला काढून एका संस्थेची ताई आत येते. ती आठवड्यातून एकदा येते, तासभर बसते. त्या दिवशी तिच्यामागून मीही गेले होते. तिने आधी पोरीला उचलून सुपापासून लांब, खिडकीखाली बसवलं (तंबाखूची धूळ श्वासातून जाते आणि निकोटीन कातडीतूनही अंगात शिरतं), मग तोच तुकडा हातात घेऊन घरच्या तेलुगूत विचारलं, "इदि एंदि? आकु! आकु." जरा थांबून मराठीत, "पान." पोर खुदकन हसली आणि 'आकु'च्या जवळपासचं काहीतरी बोलली.

हे एवढंसं बोलणं मेंदूच्या दृष्टीने फार मोठं काम असतं. बाळ जन्मतं तेव्हा मेंदूतल्या चेतापेशी जवळपास सगळ्या हजर असतात, कमी असतात त्या त्यांच्यामधल्या जोडण्या. पहिल्या काही वर्षांत सेकंदाला दहा लाखांहून जास्त जोडण्या तयार होतात, असा अंदाज आहे. मग, दाट पेरलेल्या पिकाची विरळणी करतात तशी छाटणी सुरू होते. ज्या जोडण्या वापरात राहिल्या त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळतात. कोणत्या वापरात राहणार, हे बऱ्याच अंशी बाळाने टाकलेला चेंडू कुणी परत टाकतंय का, यावर ठरतं. बोट दाखवणं, हुंकार, पानाचा तुकडा पुढे करणं, हे सगळे त्याचे चेंडूच.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात एक साधा प्रयोग केला. बाळाशी हसत-खेळत असलेल्या आईला त्यांनी दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळ आधी हसून पाहतं, हात पुढे करतं, ओरडतं. आई हलली नाही की तोंड फिरवतं, रडतं. प्रयोगशाळेत हे दोन-तीन मिनिटांत संपतं. घरकुलातल्या त्या खोलीत मला त्याचीच सौम्य आवृत्ती दिसली आणि तिथे हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत दिवस संपत नाही.

2018 साली चार ते सहा वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातल्या बोलण्याचं दिवसभर ध्वनिमुद्रण केलं, मग मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. मुलाच्या कानावर किती शब्द पडले यापेक्षा 'तू बोल, मी बोलते' अशा फेऱ्या किती झाल्या, याच्याशी भाषेच्या भागातल्या हालचालीचा संबंध जास्त दिसला. कुटुंबाचं उत्पन्न हिशेबात धरूनही तो टिकला. म्हणजे दिवसभर चालू ठेवलेला टीव्ही कामाचा नाही. तो चेंडू टाकतो, परत घेत नाही.

"बोलायला पाहिजे ते कळतंय हो ताई," ती बाई म्हणाली. "हात थांबला तर हजार कसे व्हायचे?" पैसे हजारी दराने मिळतात. मला यावर उत्तर सुचलं नाही. पालकांना उपदेश करणाऱ्या पत्रकांचाही इथेच पचका होतो.

गरिबीत वाढणाऱ्या मुलांबद्दल माझ्या मते सगळ्यात मोलाचा पुरावा जमैकातून आला. 1980 च्या दशकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या गटाने 129 खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची फार कमी असलेली बाळं निवडली, वय 9 ते 24 महिने. काहींना दूधपूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्यातून तासभर आरोग्यसेविका जाऊन आईला खेळ शिकवायची, काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. खेळणी घरातल्याच डब्या-बाटल्यांची. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा शोधून काढलं, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोचला होता त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा कमाईवर असा परिणाम दिसला नाही. याचा अर्थ आहार नको असा कुणी काढू नये, उपाशी बाळ खेळत नाही. पण नुसता शिधा पोचवून निघून येणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तोच धडा पुढे ओडिशात कटकच्या झोपडपट्ट्यांत वापरून पाहिला. 421 बाळं, 18 महिने, घरोघर जाणाऱ्या वस्तीतल्याच बायका. मुलांची आकलनक्षमता वाढली. ग्रामीण ओडिशात त्याच खेळांसाठी आयांना एकत्र बसवलं, तर फायदा घरभेटींइतकाच झाला आणि खर्च बराच कमी. सोलापूरच्या चाळींत हे सोपं जावं, कारण दुपारी चार बायका एका ओट्यावर विड्या वळत असतातच.

महाराष्ट्राला यातलं तत्त्व नवं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि नंतर कोसबाडला पाहिलं, की आदिवासी पोरं बालवाडीत येत नाहीत, घरी धाकट्यांना सांभाळतात. मग त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी शब्दाचं मूळ तिथलं. कोसबाडच्या विकासवाडीत तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. थोरलीने शिकायचं तर कडेवरच्या बाळाला कुणीतरी घ्यायला हवं, इतका सरळ विचार. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली, अंगणवाडी देशभर गेली. आज मात्र सेविकेच्या हातात वजनकाटा, आहारवाटप, सर्वेक्षण आणि मोबाईलमधल्या नोंदी असतात, गाण्यांना वेळ उरतो तेवढाच. तमिळनाडूतल्या एका अभ्यासात अंगणवाडीला फक्त अर्ध्या दिवसाची एक जादा मदतनीस दिली, तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे गुण वाढले, खुरटलेल्या मुलांचं प्रमाणही घटलं.

विडी कामगारांसाठीच्या 1966 च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण ती ठरावीक संख्येहून जास्त बायका जिथे कामाला बसत अशा जागेसाठी. काम पानांसकट घरी आलं, पाळणाघर मागेच राहिलं. जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तेव्हाही हेच. थोरल्यांसाठी साखरशाळा निघाल्या, पण फडाच्या कडेला लुगड्याच्या झोळीत निजलेलं तान्हं कुणाच्याच पटावर नसतं.

त्यामुळे एखाद्या संस्थेला देणगी देताना मी हल्ली भिंतीवरची चित्रं बघत नाही. बालवाडीतल्या चिमुकल्यांचा झगा-टोपी घालून केलेला पदवीदान सोहळा पाहिला की मी गाडी वळवते. मी विचारते, की ताईचा पगार वेळेवर होतो का आणि ती घरची भाषा बोलते का. सोलापुरात एका गल्लीत तेलुगू, पलीकडे कन्नड, त्यापलीकडे उर्दू असते. 'पान' शिकवायचं तर आधी 'आकु'ला हो म्हणावं लागतं. दाता मात्र इमारतीला पैसे देतो, पगाराला हात आखडतो, कारण पगारावर नावाची पाटी लावता येत नाही.

ताईने त्या बाईला शेवटी दिलेला उपाय साधा होता. हात आणि डोळे विडीत अडकलेत, तोंड मोकळं आहे. नाहीतरी विड्या मोजायच्याच असतात, मग मोठ्याने मोजायच्या.

पुढच्या आठवड्यात पोर खिडकीखालीच बसली होती, पुढ्यात पाण्याच्या बाटलीत ज्वारीचे दाणे घालून केलेला खुळखुळा. आई वळत होती. "ओकटि... रेंडु... मूडु..." मग ती मुद्दाम गप्प बसली. हात चालू होते. पोरीने खुळखुळा थांबवून तिच्या तोंडाकडे पाहिलं, वाट पाहिली, आणि शेवटी स्वतःच ओरडली, "आ!"

"नालुगु," आई म्हणाली, आणि या वेळी वर बघून.