रोजगाराची मंदी आणि लांबलेला पाळणा

मंदी आली की जन्मदर घसरतो, हे अनेक देशांत दिसून आले आहे. अमेरिकेत २००७ साली एका स्त्रीमागे सरासरी २.१२ मुले असे प्रमाण होते, ते २०१० पर्यंत १.९३ वर आले. बर्लिनची भिंत पडल्यानंतर पूर्व जर्मनीतील कारखाने भराभर बंद पडले, तेव्हा तेथील दीडच्या आसपासचे प्रमाण काही वर्षांतच ०.८ च्याही खाली गेले.

मात्र देशाच्या सरासरीपेक्षा आपल्या गावात काम मिळते की नाही, हे कुटुंबाला अधिक जवळचे असते. आणि त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न म्हणजे काम कोणाचे गेले. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० मध्ये अपत्यांचा विचार अर्थशास्त्राच्या चौकटीत मांडला. पुढे त्या विचारात आईचा वेळ हाही मोठा खर्च म्हणून धरला जाऊ लागला; म्हणजे वडिलांचे काम गेले तर उत्पन्न घटते, पण आईचे गेले तर मुलासाठी दिलेला तिचा वेळ तितका महाग पडत नाही. अमेरिकेत चिनी मालाच्या स्पर्धेमुळे जेथे पुरुषांचे रोजगार बुडाले, तेथे लग्ने आणि जन्म दोन्ही घटले, असे ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांना आढळले. स्त्रियांच्या रोजगाराला धक्का बसला तेथे परिणाम उलट दिशेचा, पण क्षीण होता.

आपल्याकडे मूल बहुतेक लग्नानंतरच होत असल्याने मंदीची झळ आधी लग्नाला लागते. इंदूरच्या मराठी घरांत स्थळ पाहताना पत्रिकेइतकीच मुलाची नोकरी, तिचे गाव आणि ‘पॅकेज’ यांची चौकशी होते. नोकरी पक्की नसेल तर बोलणी पुढे सरकत नाहीत आणि पाळणाही लांबतो.

तरीही डिसेंबर १९९१ मध्ये येथील हुकुमचंद मिल बंद पडून हजारो कामगार घरी बसले, म्हणून शहरातील जन्म घटले, असे विधान करणे मला धाडसाचे वाटते. १९९२-९३ मध्ये देशात एका स्त्रीमागे ३.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये ती २.० झाली, शहरांत तर १.६, या दीर्घ उताराला मुलींचे शिक्षण, गर्भनिरोधन आणि घटलेले बालमृत्यू यांचाच मोठा हातभार आहे.

लांबलेले मूल पुढे होतेच, असे नाही. करी आणि श्वांट यांच्या अमेरिकेतील अभ्यासात, विशीच्या पूर्वार्धात बेरोजगारीला सामोऱ्या गेलेल्या स्त्रियांच्या अपत्यसंख्येतील तूट पुढेही भरून निघाली नाही, आणि त्यांच्यापैकी अधिक जणी कायमच्या निरपत्य राहिल्या. म्हणूनच, ज्या तरुणीची नोकरी बाळंतपणानंतर टिकेल याची शाश्वती नाही, तिची स्थिती मला अधिक काळजीची वाटते. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. परंतु हा नियम सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे, आणि घरगुती शिलाई, शिकवण्या किंवा छोटी दुकाने यांत राबणाऱ्या असंख्य स्त्रिया त्याबाहेरच राहतात.