किशोरवयीन शिकाऊ चालकांचे रस्ता सुरक्षा शिक्षण

वाहन चालवायला शिकणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींना वाहन हाताळण्याच्या कौशल्याबरोबरच रस्त्यावरील धोका वेळीच ओळखण्याचे, वेग आणि अंतर यांचा अंदाज घेण्याचे व स्वतःच्या मर्यादा जाणण्याचे जे शिक्षण दिले जाते, त्यास ही संज्ञा लावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ११.९ लाख लोक रस्ते अपघातांत मरण पावतात आणि ५ ते २९ वर्षे वयोगटात मृत्यूचे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

शेजारी जाणता चालक बसलेला असताना शिकाऊ चालकाकडून गंभीर अपघात क्वचितच होतात. परवाना हाती येऊन तो एकट्याने वाहन चालवू लागला की पहिल्या काही महिन्यांत हा धोका एकदम वाढतो आणि अनुभवाबरोबर पुन्हा उतरत जातो. अननुभवाला वयाचीही जोड असते. आवेग आवरणारा मेंदूचा अग्रभाग पंचविशीच्या आसपासपर्यंत विकसित होत असतो, त्यामुळे रात्रीची वेळ आणि गाडीत समवयस्क मित्र असणे या दोन गोष्टी या वयात विशेष घातक ठरतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते आणि वेग दुप्पट झाल्यास ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते, हे गणित वर्गात सहज समजते. मित्रांनी भरलेल्या गाडीत ते आठवणे ही वेगळी बाब आहे.

केवळ वर्गातील पाठ आणि थोडा सराव यांनी अपघात कमी होतात, हा समज संशोधनात टिकलेला नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात डीकॅल्ब परगण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सोळा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात अशा प्रशिक्षणाचा टिकाऊ लाभ आढळला नाही. शाळेतच प्रशिक्षण मिळाल्याने मुले लवकर परवाना काढतात आणि धोक्याचा काळ अलीकडे येतो, असा आक्षेपही घेतला जातो. नॉर्वेमध्ये निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केल्यानंतर तरुण पुरुषांचे तशा रस्त्यांवरील अपघात घटण्याऐवजी वाढले. हाती कसब आल्याच्या भावनेने सावधपणा सैल होतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते आणि ते पटण्याजोगे आहे.

यामुळे भर कौशल्याकडून निर्णयबुद्धीकडे आणि सुरक्षित परिस्थितीत मिळवलेल्या अनुभवाकडे वळला. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. तीत शिकाऊ आणि पूर्ण परवान्याच्या मध्ये एक मर्यादित परवाना असून त्या काळात रात्री एकट्याने वाहन चालवण्यावर आणि प्रवासी नेण्यावर बंधने असतात. या पद्धतीचे अनुकरण पुढे इतरत्र झाले व नवचालकांचे अपघात घटल्याचे दिसून आले. ब्रिटनमध्ये २००२ पासून लेखी चाचणीला धोका ओळखण्याच्या चाचणीची जोड आहे: उमेदवाराला रस्त्याच्या चित्रफिती दाखवतात आणि उद्भवणारा धोका तो जितक्या लवकर टिपेल तितके अधिक गुण देतात.

घरच्या माणसांसोबतचा सराव हा या शिक्षणाचा सर्वांत दीर्घ भाग असतो, मात्र अभ्यासक्रमात त्याला बहुधा सर्वांत कमी जागा मिळते. स्वीडनने १९९३ मध्ये अशा सरावाचे किमान वय साडेसतरावरून सोळा वर्षांवर आणले, परवान्याचे वय मात्र अठराच ठेवले. वाढीव मुदतीचा लाभ घेणाऱ्यांनी इतरांहून कितीतरी अधिक तास सराव केला आणि परवान्यानंतरचे त्यांचे अपघातही लक्षणीयरीत्या कमी राहिले.