कम्प्युटर ‘उडाला’ म्हणजे नक्की काय उडालं?

परवा नाशिकच्या इंदिरानगरहून भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. “मामा, कम्प्युटर उडाला. काळी स्क्रीन येते आणि पुढे काही जातच नाही.” ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, शिकायचं होतं, पण विंडोजला धक्का लागायला नको, म्हणून तिने ते यूएसबीने जोडलेल्या वेगळ्या हार्ड डिस्कवर टाकलं. रात्री डिस्क काढून कपाटात ठेवली आणि सकाळी विंडोजच सुरू होईना. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं, “हार्ड डिस्क करप्ट झाली. फॉरमॅट मारावं लागेल.”

या वाक्याची मला मनापासून चीड आहे. न बघता फॉरमॅट सुचवणं म्हणजे कुलूप अडकलं म्हणून घर पाडणं.

मी तिला स्क्रीनवरचं अक्षरन् अक्षर वाचायला लावलं. ‘एरर: नो सच डिव्हाइस’, पुढे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’. एवढ्यावरून निदान झालं. कम्प्युटरच्या आतली डिस्क जिवंत होती, कारण ही अक्षरं त्याच डिस्कवरून आली होती.

कम्प्युटर चालू होतो तेव्हा रॅम कोरी असते. डिस्कवरून प्रोग्रॅम आणायचा, तर तो आणायलाही प्रोग्रॅम हवा. हा पेच सोडवतो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसवलेला बायोस. पण त्याला विंडोज, लिनक्स काही कळत नाही. तो डिस्कवरचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे साठवणीचा पहिला छोटा कप्पा, उचलतो, ५१२ बाइट फक्त, आणि रॅममध्ये ठरलेल्या जागी ठेवतो. शेवटचे २ बाइट, सोळाच्या पटीतल्या मोजणीत, ‘५५’ आणि ‘एए’ असले की त्या सेक्टरच्या हाती कारभार सोपवून मोकळा होतो. हे दोन बाइट बायनरीत लिहून बघा: ०१०१०१०१ १०१०१०१०. प्रत्येक बाइटात शून्य आणि एक एकाआड एक.

उरलेल्या ५१० बाइटांची वाटणी मला फार आवडते. पहिले ४४६ बाइट प्रोग्रॅमचे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे एवढ्या जागेत मराठीच्या जेमतेम दोन ओळी मावतील. पुढचे ६४ बाइट म्हणजे डिस्कचा सातबारा: १६ बाइटांच्या ४ नोंदी, एकेका पार्टिशनसाठी, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागासाठी, एकेक. नोंदीत तो भाग कोणत्या प्रकारचा, कुठून सुरू होतो आणि केवढा, हे लिहिलेलं. सुरुवातीसाठी ४ बाइट, तेही उलट्या क्रमाने, लहान बाइट आधी. २०४८ व्या सेक्टरपासून सुरुवात असेल तर ‘०० ०८ ०० ००’ दिसतं, कारण सोळाच्या पटीत मोजताना २०४८ म्हणजे ८००. चार बाइटांत ४२९ कोटींच्या वरचा आकडा मावत नाही, म्हणून या पद्धतीला साधारण २ टेराबाइटची मर्यादा. १९८३ साली, पीसी डॉस २.० आला तेव्हा, एवढी मोठी डिस्क कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

आता भाचीची चूक. लिनक्स टाकताना ‘बूट लोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) कुठे टाकायचा’ असा एक रकाना येतो. तिथे आपोआप आतली डिस्क निवडलेली होती, ती तशीच राहिली. त्यामुळे आतल्या डिस्कवरच्या ४४६ बाइटांत विंडोजऐवजी लिनक्सचा बूट लोडर ग्रब बसला. त्याचा पुढचा तुकडा लगतच्या मोकळ्या सेक्टरांत होता, तो सापडला. बाकीच्या फाइली मात्र बाहेरच्या डिस्कवर, म्हणजे कपाटात. स्क्रीनवरची ती लांबलचक माळ म्हणजे त्या बाहेरच्या डिस्कवरच्या पार्टिशनचा ओळख क्रमांक. सीबीएसवरची, म्हणजे नाशिकच्या बसस्थानकावरची, चौकशीची खिडकी बंद असली म्हणून त्र्यंबकची बस रद्द झालेली नसते. विंडोज आणि सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या.

शेजारच्या काकू म्हणाल्या, अमावस्येला नवीन काम काढलं की असंच होतं. काकूंची माया खरी, पण पंचांगाचा आणि सेक्टरचा काहीही संबंध नाही. नुकसान हे होतं, की कारण अमावस्येवर ढकललं की स्क्रीनवरची ओळ कोणी वाचत नाही.

संध्याकाळी गेलो, कपाटातली डिस्क जोडली. मेनू आला, विंडोजही सुरू झालं. आधी सबमिशनच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. मग लिनक्समध्ये जाऊन ‘ग्रब-इन्स्टॉल’ने ग्रब बाहेरच्या डिस्कवरच बसवला. शेवटी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’. ही आज्ञा प्रोग्रॅमचा भाग नव्याने लिहिते, सातबाऱ्याला हात लावत नाही. हे जुन्या बायोसच्या मशीनचं. बायोसच्या जागी यूईएफआय असलेल्या नव्या मशीनवर बूटच्या फाइली एका छोट्या वेगळ्या पार्टिशनमध्ये असतात आणि पार्टिशनच्या यादीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. तिथे इलाज वेगळा. दोन्हीकडे, स्क्रीनवर ‘फॉरमॅट’ किंवा ‘डिलीट’ दिसलं की हात मागे घ्यायचा.

दुरुस्तीआधी तो पहिला सेक्टर मी तिला फाइलमध्ये उतरवून ठेवायला सांगितला होता. नंतर पुन्हा वाचून दोन्ही शेजारी मांडले, १६-१६ बाइटांच्या ३२ ओळी. वरच्या ओळी पार बदललेल्या, शेवटच्या ४ हुबेहूब त्याच. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. “मामा, हा ०८ म्हणजे २०४८ ना?”