बोगोलानचा काळा रंग येतो कुठून?

गेल्या महिन्यात एका ऑनलाइन दुकानातून उशांचे अभ्रे मागवले. वर्णनात लिहिलं होतं: आफ्रिकन मड क्लॉथ, नैसर्गिक चिखलाचा रंग, पूर्णपणे केमिकल-फ्री. हातात आलं ते पॉलिस्टरवर छापलेलं काळं-पांढरं नक्षीकाम. फसवणुकीचं वाईट वाटलंच, पण जास्त खटकलं ते वर्णनातलं विज्ञान. कापड अस्सल असतं तरी ते वाक्य दोन्ही अंगांनी चुकीचंच होतं. मड क्लॉथचा काळा रंग हा चिखलाचा रंग नाही, आणि ते कापड तयार होताना जे घडतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत रसायनशास्त्रच आहे.

या कापडाचं खरं नाव बोगोलानफिनी, थोडक्यात बोगोलान. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात बामाना लोकांच्या भाषेत बोगो म्हणजे माती, लान म्हणजे तिच्या योगे आणि फिनी म्हणजे कापड. सूत स्थानिक कापसाचं. परंपरेने विणकाम पुरुषांचं, तेही अगदी अरुंद मागावर. पट्टीचा पन्हा जेमतेम १५ सेंटीमीटर. अशा पट्ट्या काठाला काठ लावून हाताने शिवल्या की अंगाला गुंडाळण्याजोगं कापड होतं. म्हणजे इथे शिवण आधी आणि रंग नंतर. रंगवण्याचं काम बायकांचं, आईकडून मुलीकडे आलेलं.

आता आपल्या घरात येऊ. आवळा लोखंडी विळीवर चिरला की फोडींच्या कडा काळपट होतात. केसांना लावायची आवळा पावडर लोखंडी कढईत रात्रभर भिजवली की सकाळी काळीकुट्ट होते. कढईचा रंग काळा म्हणून हे होत नाही. स्टीलच्या पातेल्यात तोच आवळा तसा काळा होत नाही. आवळ्यातली तुरट द्रव्यं, म्हणजे टॅनिनं, आणि कढईतून सुटलेलं लोह एकत्र आले की तिसराच, दोघांचाही नसलेला रंग जन्माला येतो. बोगोलानचं मर्म हेच आहे.

बामाना स्त्रिया टॅनिन मिळवतात न्गालामा नावाच्या झाडाच्या पाल्यातून. वनस्पतिशास्त्रात हे झाड अ‍ॅनोजिसस लिओकार्पा. आपल्या सह्याद्रीतला धावडा, ज्याचा डिंक आपण गोळा करतो, तो याचा सख्खा भाऊ: अ‍ॅनोजिसस लॅटिफोलिया. हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन हेही याच कुळातले, आणि सगळेच तुरट. पाला कुटून, उकळून किंवा भिजवून ठेवलेल्या पाण्यात कापड बुडवतात. ते पिवळं होतं. उन्हात वाळवतात. या टप्प्यावर पाहणाऱ्याला वाटेल की हे पिवळं कापडच तयार करायचं होतं. प्रत्यक्षात धाग्याधाग्याला टॅनिन चिकटून लोहाची वाट पाहत असतं.

लोह येतं चिखलातून, पण कुठल्याही चिखलातून नाही. हा भाग मला सगळ्यात आवडतो. मालीत आपल्या कोकणासारखीच लाल, जांभ्याची जमीन भरपूर आहे. ती लाल असते लोहामुळेच. मग ती लाल माती का चालत नाही? कारण तिच्यातलं लोह फेरिक रूपात, गंजाच्या रूपात असतं. ते पाण्यात विरघळत नाही. कापडावर थापलं तर वरच्या वर राहील आणि धुतलं की निघेल, मागे लालसर डाग तेवढा ठेवील. धाग्याच्या आत शिरायचं तर लोह विरघळायला हवं, आणि त्यासाठी ते फेरस व्हायला हवं, म्हणजे प्रत्येक अणूला एक इलेक्ट्रॉन मिळायला हवा. तो देणार कोण?

तळ्याच्या तळाशी, कुजलेल्या पाल्याच्या गाळात ऑक्सिजन पोहोचत नाही. तिथले जिवाणू श्वसन कसं करतात? आपण अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करतो. हे जिवाणू ते लोहाच्या हवाली करतात. अक्षरशः गंजावर श्वास घेतात! जिओबॅक्टर हा अशांपैकी एक. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून तो प्रथम वेगळा केला गेला. बामाना स्त्रिया तळ्याच्या तळचा काळा गाळ आणून मातीच्या रांजणात कित्येक महिने, कधी वर्षभरही, मुरवत ठेवतात. रांजणात ऑक्सिजन संपतो आणि विरघळणारं फेरस लोह साठत जातं. जिवाणू कुणी पाहिले नव्हते, पण कोणता गाळ चालतो आणि किती मुरवायचा हे पिढ्यांच्या निरीक्षणातून पक्कं झालं होतं.

हा गाळ कापडावर लावला की फेरस लोह धाग्यात शिरतं. टॅनिनच्या रेणूत षटकोनी कडी असते आणि तिच्या शेजारशेजारच्या दोन कोपऱ्यांवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. हे दोन कोपरे चिमट्यासारखे लोहाला धरतात. हवा लागली की फेरसचं पुन्हा फेरिक होतं, पण आता ते चिमट्यात अडकलेलं असतं. एका लोहाभोवती एक, दोन किंवा तीन चिमटे बसू शकतात. किती बसतात ते आम्लतेवर ठरतं आणि त्यानुसार छटा बदलते. प्रकाश पडला की टॅनिनच्या कडीतला इलेक्ट्रॉन लोहाकडे झेप घेतो आणि त्यासाठी दृश्य प्रकाशाचा बराच मोठा पट्टा गिळून टाकतो. डोळ्यांपर्यंत फारसं काही परत येत नाही. त्यालाच आपण काळं म्हणतो. शेवटी चिखल धुऊन टाकतात, पण काळा रंग जात नाही, कारण तो आता धाग्यात आहे.

चित्र काढण्याची पद्धतही उलटी आहे. नक्षी रंगवत नाहीत, नक्षीभोवतीची जागा रंगवतात. पाला, चिखल, धुणं हे चक्र पुन्हा फिरवलं की काळा गडद होतो. शेवटी उरलेल्या पिवळ्या नक्षीवर तीव्र अल्कलीचं मिश्रण लावून ती पांढरी करतात.

शिकारी हे कापड अंगरख्यासारखं घालत. मुलींच्या सुंतेनंतर आणि बाळंतपणानंतरही ते गुंडाळलं जाई. अशा वेळी सुटणारी घातक शक्ती कापड शोषून घेतं अशी श्रद्धा होती. इथे स्पष्ट बोललं पाहिजे. मुलींची सुंता ही इजा आहे, आणि तिच्यातून होणारा रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग कोणतंही कापड रोखत नाही. रंगवणारीच्या हातातल्या ज्ञानाबद्दल मला अपार आदर आहे. त्या प्रथेबद्दल अजिबात नाही.

खेड्यातलं हे कापड सगळ्या मालीची ओळख बनलं ते स्वातंत्र्यानंतर. १९६० मध्ये फ्रेंच गेले. १९७८ मध्ये सहा चित्रकारांनी ग्रुप बोगोलान कासोबाने स्थापन करून याच तंत्राने चित्रं काढायला घेतली. मालीतल्या काती गावात जन्मलेले, शिंप्याच्या दुकानात उमेदवारी केलेले फॅशन डिझायनर क्रिस सेदू १९७० च्या दशकात पॅरिसला पोहोचले आणि त्यांनी बोगोलानचे कोट, जॅकेट, घागरे शिवले. त्यांच्यापुढचा प्रश्न कोणत्याही शिंप्याला कळेल. पारंपरिक कापडावर जागोजागी वेगळी नक्षी असते आणि तिची मांडणी अर्थपूर्ण असते. कात्री चालवली की ती तुटते. त्यांनी एकाच आकृतीची पुनरावृत्ती करून बेतता येईल असं कापड घडवलं. १९९४ मध्ये ते गेले, तोवर मालीच्या राजधानीत, बामाको शहरात बोगोलान शिवून घालणं ही अभिमानाची गोष्ट झाली होती.

ही रासायनिक वाट एकट्या मालीची नाही. न्यूझीलंडचे माओरी लोक सालीच्या टॅनिनमध्ये भिजवलेले तंतू पारू नावाच्या चिखलात काळे करतात. आंध्रातले कलमकारी कारागीर हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर गूळ-लोखंडाच्या आंबवलेल्या पाण्याने रेघ ओढतात. या काळ्याला एक शापही आहे: लोह आणि आम्ल मिळून तंतू हळूहळू खातात, म्हणून संग्रहालयांतल्या जुन्या माओरी वस्त्रांचे काळे भाग आधी भुगा होतात.

अभ्रे परत पाठवले आणि घरीच एक तुकडा करून पाहिला. हिरड्याच्या काढ्यात सुती फडकं बुडवून वाळवलं. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस ठेवले. काडीने रेघ ओढली तेव्हा ती आधी फिकट राखाडी दिसली आणि हवेत राहून डोळ्यांदेखत काळी होत गेली. फक्त रेघ फुटली, कडा पसरल्या. कलमकारीवाले हिरड्याच्या काढ्यात म्हशीचं दूध का घालतात ते तेव्हा कळलं: दुधातली चरबी रंग पसरू देत नाही.