टाकलेल्या वस्तूंची दुरुस्ती आणि फेरविक्री (मुंबई)

मुंबईत लोकांनी टाकून दिलेल्या पण अजून कामाच्या असलेल्या वस्तू गोळा करायच्या, धुऊनपुसून, दुरुस्त करून चालू करायच्या आणि परत विकायच्या, या धंद्याला मराठीत एकच असं नाव नाही. कोणी जुना बाजार म्हणतं, कोणी सेकंड हँडचं काम म्हणतं, आणि बहुतेक जण सरळ भंगार म्हणून मोकळे होतात. पण भंगार आणि हे काम यात मोठा फरक आहे, आणि तो दोन शब्दांत सांगता येतो: वजनावर आणि नगावर. वजनावर गेलेला पंखा म्हणजे इतकं लोखंड, इतकं ॲल्युमिनियम, इतकं तांबं, तो फुटणार आणि वितळणार. नगावर गेलेला पंखा म्हणजे पंखाच, तो कुणाच्या तरी खोलीत परत फिरणार. ढिगातून नग ओळखून बाजूला काढणं हेच यातलं खरं कसब, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

माल कुठून येतो

सोसायटीत जिन्याखाली ठेवलेल्या वस्तूवर पहिला हक्क सफाईवाल्याचा आणि वॉचमनचा, हे कुठे लिहिलेलं नसतं पण सगळे पाळतात. त्यांना घरी लागेल ते ते नेतात, उरलेलं भंगारवाल्याकडे जातं, तिथून छाटणी होऊन मोठ्या गोडाऊनला, आणि या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ढीग चाळून नग उचलत असतो, म्हणून जितका माल पुढे सरकतो तितका त्यात चांगला नग सापडायची शक्यता कमी होते. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्यात जास्त माल निघतो. त्याशिवाय अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपून भाडेकरू घर बदलतात तेव्हा, आणि चाळ किंवा जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला जाते तेव्हा तर अख्खी घरंच रिकामी होतात. नवी बिल्डिंग होईपर्यंत राहायला मिळणाऱ्या ट्रान्झिट कॅम्पच्या छोट्या खोलीत शिसवी कपाट मावत नाही, मग ते जातं.

जुन्या कपड्यांची वाट वेगळी आहे. ती बोहारणीकडून जाते. गुजरातहून आलेल्या वाघरी समाजातल्या बायका पिढ्यान् पिढ्या हे काम करत आल्यात, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं, आणि दारात बसून तासभर घासाघीस: दोन पँट, एक साडी आणि वर एक शर्ट दिला तरच पातेलं. बाई प्रत्येक शर्टाची कॉलर उलटून बघते, काखेतलं कापड उजेडात धरते, पँटची चेन वरखाली करते. लोकांना वाटतं की ती खोट काढून भाव पाडतेय, पण ती तिथेच ठरवत असते की हा शर्ट धुऊन, बटण लावून, इस्त्री करून शर्ट म्हणून विकला जाईल की पुसायचं कापड म्हणून गॅरेजला जाईल. जुन्या जरीच्या साड्यांसाठी वेगळे फेरीवाले यायचे, ‘जरी पुराना’ अशी हाळी देत, कारण अस्सल जरीतून चांदी निघायची.

आणि मग कचरावेचक. त्यात बायकाच जास्त, बऱ्याच जणी दलित समाजातल्या. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासून चालू आहे, तेव्हापासूनच्या शहराने जे टाकलं त्यातलं कामाचं हातांनी वेचून काढणाऱ्या लोकांच्या वस्त्या त्याच्या आजूबाजूला वाढल्या. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ मध्ये ‘परिसर विकास’ नावाने या बायकांना संघटित करायला सुरुवात केली, ओळखपत्रं, ट्रेनिंग, सोसायट्यांमधून थेट सुका कचरा घ्यायची सोय असं ते काम आहे. पुण्यात त्याआधी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली होती. या बायकांमुळे किती माल डंपिंगपर्यंत पोचतच नाही हे मुंबईकरांनी एकदा नीट समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नग ओळखायचा कसा

सीलिंग फॅनचं उदाहरण घेऊ, कारण तो खूप टाकला जातो आणि सहज चालू होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री बसतात, पाठीमागे भिंतीला टेकवलेले दहाबारा पंखे, पुढे गोणपाट. पंखा आला की ते आधी वीज लावत नाहीत. दांडा धरून हाताने फिरवतात आणि कान देतात. खरखर आली तर बेअरिंग गेलंय, साधारण ६२०१ किंवा ६२०२ नंबरचं, ते बदलता येतं. अजिबात आवाज नाही आणि सहज फिरतोय तर अर्धं काम झालं. मग सिरीज बोर्ड. म्हणजे एक साधा पिवळा बल्ब पंख्याच्या आधी सिरीजमध्ये जोडलेला, बल्ब फुल पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद पेटला तर वायंडिंग जिवंत आहे, पेटलाच नाही तर कुठेतरी तार तुटलीय. बल्ब मंद पेटला की त्यांचा चेहरा खुलतो. कारण मग बहुतेक वेळा नुसता कॅपॅसिटर गेलेला असतो, अडीच मायक्रोफॅरडचा, काडेपेटीएवढा, शंभर रुपयांच्या आत येणारा. पंखा हळू फिरतोय किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही म्हणून लोक नवीन आणतात आणि जुना खाली ठेवतात, खरं तर त्या पंख्याला बाकी काहीच झालेलं नसतं.

वायंडिंग जळलेलं असेल तर ते ब्लेडने तारेवरचं वार्निश जरासं खरवडून बघतात, आत तांबूस दिसलं तर तांब्याचं, रुपेरी दिसलं तर ॲल्युमिनियमचं. तांब्याचा असेल तर परत भरायला परवडतो. ॲल्युमिनियमचा असेल तर तो पंखा काट्यावर जातो, पण पाती, कॅनोपी, दांडा काढून ठेवल्यावरच, कारण पुढच्या महिन्यात त्याच कंपनीचा एक पंखा येणार ज्याचं एक पातं वाकलेलं असणार.

बाकीच्या वस्तूंचंही असंच. मिक्सर बंद पडला तर मोटरला वीज पोचवणारा कार्बन झिजलाय का आणि खालचा रबरी कपलर तुटलाय का हे दोन बघायचे. कुकरला गॅस्केट आणि शिट्टीखालचा वॉल्व्ह. टीव्ही नाहीतर मॉनिटर लागतच नसेल तर मागचं झाकण उघडून पॉवर सप्लायवरचे कॅपॅसिटर डोक्याला फुगलेत का. बंद पडलेल्या एलईडी बल्बमध्ये बऱ्याचदा दाण्यांपैकी एकच जळलेला असतो, त्यावर काळा ठिपका दिसतो, पण ते सिरीजमध्ये असल्याने अख्खा बल्ब बंद होतो. हातात मल्टीमीटर आणि सोल्डर असलेल्या माणसाला यातलं काहीच अवघड नाही, अवघड आहे ते पार्ट मिळणं, त्यासाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर होतेच.

बाजार

चोर बाजार सगळ्यांना माहीत, भेंडीबाजाराजवळची मटण स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्या. मूळ नाव शोर बाजार होतं, गोंगाटामुळे, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं चोर झालं असं सांगतात. दुकानं शुक्रवारी बंद असतात, आणि त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, अंधारात बॅटरीच्या उजेडात मांडलेले चार्जर, पाने, नळ, बूट, एकेक रोलर स्केट, बिनझाकणाचे कुकर. टुरिस्टांना आवडणारे ग्रामोफोन आणि पोस्टर हा त्यातला छोटासा भाग, खरं गिऱ्हाईक म्हणजे मिस्त्री, प्लंबर, हॉटेलवाले आणि दुसरे विक्रेते. शेजारच्या भेंडीबाजारात साडेसोळा एकरांचा क्लस्टर पुनर्विकास चालू आहे, त्याने या भागाचं रूप बदलतंय.

कुर्ल्याला गाड्यांचे पार्ट, साकीनाक्याला जुने कॉम्प्युटर. ओशिवऱ्याला जुनं फर्निचर, आणि तिथे पाडकामातून निघालेली दारं, चौकटी, खिडक्या, कठड्याचे कोरीव खांब बघून थोडं काळजात होतं, कारण ते कुठल्या चाळीतून आलंय हे ओळखीचं वाटतं. ब्रह्मदेशातलं जुनं सागवान आता नव्याने मिळणं मुश्किल, त्यामुळे सुतार त्यातले खिळे उपटून, रंधा मारून परत टेबल करतात. रे रोडजवळच्या दारूखाना भागात जहाजं तोडायचं काम पूर्वापार चालत आलेलं, तिथून लोखंडच नाही तर केबिनचे दिवे, साखळ्या, दोरखंड, पितळी कड्याही नगावर बाहेर पडतात.

धारावीच्या तेरा कंपाउंडचं नाव प्लास्टिक गाळण्यासाठी झालंय, तिथे छाटणीवाले तुकडा वाकवून, टिचकी मारून, गरज पडली तर जाळून वासावरून प्लास्टिकची जात ओळखतात. पण धारावीत नगाचं कामही मोठं आहे ते म्हणजे डबे आणि पिंपं. पंधरा किलोचे तेलाचे पत्र्याचे डबे गरम पाण्याने धुवायचे, आतून पोचे हातोडीने काढायचे, परत विकायचे. चाळीच्या गॅलरीत दिसणारं निळं पिंप बऱ्याचदा आधी कुठल्या तरी केमिकलचं होतं, म्हणून घेताना आत काय होतं ते विचारावं आणि समाधान झालं नाही तर त्यात प्यायचं पाणी भरू नये, धुण्याभांड्याला वापरावं.

पुस्तकांचा रस्ता मला सगळ्यात जास्त आवडतो. रद्दीवाल्याकडे सगळं किलोवर येतं, पण ज्याला थोडी वाचायची सवय आहे तो रद्दीवाला जाड बांधणीचं, जुने दिवाळी अंक, इंजिनिअरिंगची पुस्तकं बाजूला ठेवतो, आणि फाउंटन, किंग्ज सर्कलच्या फूटपाथवरचे पुस्तकवाले येऊन ती नगावर घेऊन जातात. मराठी साहित्याचा अभ्यास करणाऱ्या कितीतरी लोकांना लायब्ररीत न मिळालेला अंक अशा फूटपाथवर मिळालाय.

धोके आणि कायदा

या कामात हात कापतात, आणि नुसते हातच नाही. तांब्यासाठी वायर जाळली की प्लास्टिकच्या आवरणाचा विषारी धूर निघतो, जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीत शिसं असतं, फ्रीजचा गॅस सोडून दिला जातो. दुरुस्ती करणाऱ्यापेक्षा तोडणाऱ्याला हा धोका जास्त, आणि नग वाचवण्याचं हेही एक कारण. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात रिफर्बिशर, म्हणजे जुनं उपकरण परत वापरण्यालायक करणारा, याला वेगळी ओळख आहे आणि त्याने सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची असते. फूटपाथवरच्या मिस्त्रीला हे जमणं कठीण. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने राईट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची अवजारं यांच्या दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी द्यावी यासाठी. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा गुन्हा आहे, म्हणून सेकंड हँड मोबाइल घेताना सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय नंबर तपासणं शहाणपणाचं.

धंद्यातल्या माणसांची सगळ्यात मोठी तक्रार मात्र कायद्याची नाही, ती सुट्ट्या झालेल्या वस्तूंची आहे. टीव्ही दिवाळीत जातो आणि रिमोट होळीला सापडतो. मिक्सर खाली ठेवतात, भांडी वर माळ्यावर राहतात. लॅपटॉप एकाला आणि चार्जर सुक्या कचऱ्याच्या पिशवीत. ज्याचं जे आहे ते त्यालाच सेलोटेपने चिकटवून खाली ठेवलं, आणि काय बिघडलंय ते चिठ्ठीवर लिहिलं, ‘हळू फिरतो’ एवढे दोन शब्द जरी, तर वॉचमनपासून मिस्त्रीपर्यंत सगळ्यांना पहिल्या नजरेत कळतं की हा नग आहे.