बाटलीच्या तळाशी उरलेलं विरजण

ग्लासात ओतताना शेवटची बोटभर बीअर मी बाटलीतच ठेवली. तळाशी पिठूळ, फिकट तपकिरी साका होता. बाटली जरा हलवली की तो ढगासारखा वर यायचा. पिणाऱ्याच्या लेखी तो गाळ, पण मला नेमका तोच हवा होता. बाटली होती लंडनच्या चिझिक भागातल्या ग्रिफिन ब्रुअरीची, फुलर्स 1845 या एलची (एल म्हणजे ब्रिटिश धाटणीची बीअर). मला घरी करायची होती याच ब्रुअरीची दुसरी एल, लंडन प्राइड. 1845चं शेवटचं आंबणं बाटलीतच होतं, म्हणून तिच्या तळाशी यीस्ट जिवंत सापडतं. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं, तसं मी ते घेत होते.

(ब्रिटनमध्ये स्वतःपुरती बीअर करायला 1963 पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय करणं गुन्हा आहे, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.)

लंडन प्राइडचे जिन्नस काही गुपित नाहीत. बार्लीचा पेल माल्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे), रंगाला आणि गोडव्याला थोडा क्रिस्टल माल्ट, आणि कडवटपणा-सुगंधाला हॉप्स वेलीची फुलं, टार्गेट, चॅलेंजर आणि नॉर्थडाउन या जातींची. पबमध्ये मिळणाऱ्या प्राइडमध्ये अल्कोहोल 4.1 टक्के. सगळं सामान दुकानात मिळतं. तरी माझ्या पहिल्या खेपेला चक्क डेटॉलसारखा वास आला आणि वीस लिटर बीअर मोरीत ओतावी लागली. कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. माल्टमधल्या आणि यीस्टने तयार केलेल्या फिनॉलशी ते जुळलं की क्लोरोफिनॉल बनतात, आणि आपलं नाक ते अब्जात काही भाग इतक्या कमी प्रमाणातही ओळखतं. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल याच कुळातलं. उपाय अगदी साधा निघाला: पाण्यात कॅम्पडेनची अर्धी गोळी, म्हणजे चिमूटभर मेटाबायसल्फाइट.

तेव्हापासून मी पाण्याकडे नीट बघायला लागले. लंडनचं पाणी खडूच्या खडकांतून झिरपून येतं. इथल्या किटलीत महिन्याभरात पांढरा थर धरतो, तो त्यातल्या बायकार्बोनेटचा पुरावा. माल्ट भिजवल्यावर मिश्रणाचा पीएच 5.2 ते 5.6 च्या दरम्यान असावा लागतो, आणि बायकार्बोनेट तो खाली येऊ देत नाही. खरपूस भाजलेला काळा माल्ट आम्लधर्मी असल्यामुळे हे पाणी सावरून घेतो. अठराव्या शतकातल्या लंडनला पोर्टर ही काळी बीअर मानवली, त्यात या पाण्याचाही हात होता.

फिकट एलसाठी दैवी पाणी होतं ते ट्रेंट नदीकाठच्या बर्टनचं, जिप्सम विरघळलेलं. जिप्सममधलं कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळून पीएच खाली आणतं, आणि सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा, टोकदार लागतो. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनची पेल एल जहाजांनी हिंदुस्थानात जायची. 1822 च्या सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकाने तिचा नमुना बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपपुढे ठेवला आणि तशीच बीअर करायला सांगितलं. ऑलसॉपच्या जॉब गुडहेडने पहिली खेप चहाच्या किटलीत केली, अशी आख्यायिका आहे. म्हणजे मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांना पुढे जी बर्टनची एल मिळाली, तीही एक नक्कलच. फक्त पाणी निराळं होतं, आणि त्या पाण्याने नक्कल अस्सलापुढे गेली. मी लंडनचं पाणी आधी उकळून थंड करते, खाली बसलेला चुना टाकून देते आणि मग मोजून जिप्सम घालते.

पुढचं काम आपल्या ओळखीचं आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात. बार्लीचा माल्टही तसाच होतो. मोड येताना दाण्यात अमायलेज विकरं तयार होतात आणि ती पिठाची साखर करतात. दळलेला माल्ट 66 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचा. दोन-तीन अंश कमी झाले तर बीटा-अमायलेजला जोर येतो, साखर जास्त आंबते आणि बीअर पातळ, कोरडी होते. तापमान वाढलं तर न आंबणाऱ्या लांब साखळ्या उरतात आणि बीअर तोंडात भरीव लागते. मग तासभर उकळी. हॉप्समधल्या अल्फा आम्लांचं रूप उकळीत पालटतं, तेव्हा कुठे कडवटपणा उतरतो. सुगंधाचे हॉप्स शेवटी घालायचे, नाहीतर तेलं वाफेवर जातात.

पण एलला तिचं व्यक्तिमत्त्व देतं ते यीस्ट. 2016 मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 157 यीस्टांचे जीनोम वाचले. त्यात ब्रिटिश बीअरच्या यीस्टांचा एक वेगळा गोतावळा दिसला. शेकडो वर्षं माणसाच्या पिंपांत राहून बीअरची बहुतेक यीस्टं माणसाळली आहेत. लवंगेसारखा वास तयार करण्याची क्षमता त्यांच्यातल्या अनेकांनी गमावली आहे, कारण तो वास नको असलेले ब्रुअर पिढ्यान्‌पिढ्या निवड करत आले.

बाटलीचं तोंड मी ज्योतीवर फिरवलं, उकळून गार केलेलं पातळ माल्टपाणी शंभर मिलिलिटर आत ओतलं आणि वर फॉइल लावली. दोन दिवस काहीच हललं नाही. तिसऱ्या दिवशी काचेला बारीक बुडबुडे चिकटले होते. वास पावाचा होता, आंबट नव्हता. मग अर्धा लिटर, मग दीड लिटर.

हे यीस्ट गोळा व्हायला फार उतावीळ. पेशींच्या भिंतीवरची प्रथिनं शेजारच्या पेशीवरची मॅनोज साखर पकडू पाहतात. द्रवात साखर भरपूर असते तोवर त्यांची पकड त्या साखरेतच गुंतलेली असते. ती संपत आली की पेशी एकमेकींना धरतात आणि फाटलेल्या दुधासारखे गठ्ठे तळाला बसतात. म्हणून एल आपोआप नितळ होते, थोडी गोडीही उरते. पण यीस्ट फार लवकर बसलं, तर डायअॅसिटिल हा लोण्यासारख्या वासाचा पदार्थ परत शोषून घ्यायला वर कोणी राहत नाही. त्यामुळे 18 अंशांवर सुरुवात करून मी तापमान 20 वर नेते आणि रोज पिंप हलक्या हाताने घुसळते.

चौथ्या खेपेला दोन ग्लास शेजारी ठेवले. रंग जुळला. संत्र्याच्या मार्मलेडचा तो वास, ज्यासाठी एवढं केलं, तोही आला. कडवटपणा माझ्या एलमध्ये अंमळ टोकदार आहे, पुढच्या वेळी जिप्सम कमी घालीन. पिंपाच्या तळाचं यीस्ट बरणीत भरून, तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवलंय, दह्याच्या भांड्याशेजारी.