काजू कारखान्यातल्या बॉयलरची वार्षिक तपासणी: अर्ज, कागदपत्रं आणि आदल्या दिवसाची तयारी

काजूचं बी वाफवायच्या कुकरमागे जो बॉयलर असतो, त्याच्याकडे कारखान्यात सगळ्यांत कमी लक्ष जातं. कटिंग, सोलणं, ग्रेडिंग, मालाचा भाव यांतच मालकाचा दिवस सरतो, आणि बॉयलर मागच्या शेडमध्ये टरफलं-लाकडं जाळत चालू असतो. बॉयलर चालवायच्या सर्टिफिकेटची मुदत संपत आल्याचं आठवतं तेव्हा बी यायला लागलेलं असतं. मग बॉयलर बंद ठेवणं जिवावर येतं. सत्तरी, डिचोली, काणकोणातले लहान कारखानदार आणि प्रत्यक्ष बॉयलरपुढे उभे राहणारे अटेंडंट यांच्यासाठी हे लिहितो आहे.

गोव्यात हे काम कारखाने आणि बॉयलर निरीक्षणालय पाहतं. त्याचं मुख्य कार्यालय पणजीत आल्तिनोला आहे. शंभर वर्षं चाललेल्या १९२३ च्या कायद्याच्या जागी १ मे २०२५ पासून बॉयलर कायदा २०२५ आला. तपासणीची मूळ चौकट मात्र तीच राहिली: आधी नोंदणी, मग दरवर्षी तपासणी, आणि चालू सर्टिफिकेट असल्याशिवाय वाफ करायची नाही.

आपला बॉयलर कायद्यात बसतो का, हा पहिला प्रश्न. पाण्याची क्षमता २५ लिटरपेक्षा कमी असेल, किंवा दाब चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा कमी असेल, किंवा पाणी १०० अंशांच्या आतच तापत असेल, तर तो कायद्याच्या व्याख्येतून सुटतो. काजू वाफवणारे बॉयलर सहसा यातून सुटत नाहीत. ‘आमचा लहान आहे’ ही समजूत धरून बसू नका, नेमप्लेट वाचा. आणि ज्यात बी शिजतं तो कुकर वेगळा. तो दाबाखालचं भांडं म्हणून कारखान्यांच्या सुरक्षा नियमांत येतो आणि मान्यताप्राप्त सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यावा लागतो. बॉयलरच्या सर्टिफिकेटमध्ये कुकर येत नाही.

नवीन बॉयलर असेल तर अर्जासोबत फीचं चलन, निर्मात्याचं प्रमाणपत्र, बांधणी चालू असताना झालेल्या तपासणीचा दाखला, बॉयलरचे आणि स्टीम पाइपचे नकाशे, व्हॉल्व्ह-गेज यांचे दाखले लागतात. निरीक्षक बॉयलर मोजतात, तपासतात, जास्तीत जास्त दाब ठरवतात, त्यानंतर नोंदणी क्रमांक मिळतो आणि तो बॉयलरवर कायमचा कोरावा लागतो. जुना बॉयलर महाराष्ट्रातून किंवा बेळगावकडून विकत आणणार असाल तर पैसे देण्याआधी मूळ नोंदणीचे कागद हातात घ्या. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणलेल्या बॉयलरचं स्थलांतर कळवल्याशिवाय तो वापरता येत नाही, आणि जागा बदलली की सहसा जुनं सर्टिफिकेटही संपतं.

नूतनीकरणाला कागद कमी: नोंदणी क्रमांकासह विहित नमुन्यातला अर्ज, फी, आधीचं सर्टिफिकेट. अटेंडंटच्या प्रावीण्य प्रमाणपत्राची प्रतही फाइलला लावून ठेवा. अर्ज मुदत संपण्याआधी गेला पाहिजे, हे सगळ्यांत महत्त्वाचं. वेळेत अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुन्या सर्टिफिकेटमधल्या दाबावर बॉयलर चालवता येतो. एक दिवस उशीर झाला तर ही सवलत गेली. अर्ज मिळाल्यावर साधारण ३० दिवसांच्या आतली तारीख ठरते आणि मालकाला किमान १० दिवस आधी कळवलं जातं. माझा आग्रह असा की, तपासणी पावसाळ्यात येईल असंच वर्षाचं गणित बसवा.

आता तयारी. तपासण्या वाया जातात त्या बहुतेक इथेच. निरीक्षक येतात तेव्हा बॉयलर थंड, रिकामा आणि आतून-बाहेरून साफ हवा. मॅनहोल, हँडहोल (माणूस किंवा हात आत जाण्याची तोंडं) उघडे. शेगडीच्या जाळ्या काढलेल्या. सगळे व्हॉल्व्ह आणि कॉक खोलून, गरज असेल तिथे घासून, फडक्यावर ओळीने मांडलेले. दुसरा बॉयलर वाफेवर असेल तर जोडणारा पाइपचा तुकडा काढायचा किंवा भक्कम ब्लँक फ्लँज, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी चकती, घालायची. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण आत माणूस जाणार असतो. आत नेण्याचा हातदिवा २४ व्होल्टच्या वरचा नको. लोखंडाच्या ओल्या पिंपात घरातली २३० व्होल्टची वायर ओढणं म्हणजे मरण आत नेणं. वाजवी कारण नसताना तयारी केली नसेल तर निरीक्षक तपासणी नाकारू शकतात. मग नव्याने अर्ज करावा लागतो, आणि तोवर बॉयलर बंद ठेवायला लावू शकतात.

साफ करताना निघालेलं लगेच फेकून देऊ नका. ट्यूबवरून निघालेली पांढरी खपली चिमटीत धरून पाहा. ती जाड असेल तर वर्षभर पाण्याकडे दुर्लक्ष झालं, आणि खपलीमागचा पत्रा जास्त तापत राहिला. पाण्याच्या रेषेवर लालसर खड्डे दिसले तर विहिरीच्या पाण्याचा पीएच तपासून घ्या.

हायड्रॉलिक टेस्टला बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, आतली सगळी हवा काढून, हातपंपाने दाब चढवतात. हा दाब कामाच्या दाबापेक्षा जास्त असतो आणि निदान १० मिनिटं टिकला पाहिजे. त्या १० मिनिटांत गेजकडे सगळेच बघतात. अटेंडंटने मात्र कोरडं फडकं घेऊन ट्यूबची टोकं पुसत जावं. पुसलेल्या जागी पुन्हा थेंब धरला तर ती ट्यूब खडूने खुणेची करावी. गळती निघाली म्हणून गावातल्या वेल्डरला बोलवायचं नाही. मूळ रचनेला हात लावणाऱ्या दुरुस्तीला खात्याची आधी मंजुरी लागते आणि वेल्डिंगही प्रमाणपत्रधारक वेल्डरनेच करायचं असतं. मंजुरीशिवाय असं काम केलं की सर्टिफिकेट रद्दच समजा.

वर्षातून एकदा निरीक्षक येतात, बाकीचे दिवस डोळे अटेंडंटचेच. मी एका शेडमध्ये सेफ्टी व्हॉल्व्हची, म्हणजे दाब वाढला की आपोआप वाफ सोडणाऱ्या झडपेची, लिव्हर तारेने बांधलेली पाहिली आहे. ‘सारखी वाफ सोडतो, लाकूड फुकट जातं,’ अटेंडंट म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. व्हॉल्व्ह ज्यावर घट्ट बसतो ती सीट झिजली होती, आणि त्याने दोनदा सांगूनही ती बदलून मिळाली नव्हती. बॉयलर फुटला की आतल्या तापलेल्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो आणि साध्या हवेच्या दाबाला जवळजवळ १,६०० पट जागा मागतो. त्या शेडच्या भिंतीपलीकडे बायका बी फोडत बसल्या होत्या. सेफ्टी व्हॉल्व्हशी छेडछाड हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. तार बांधणाऱ्याइतकाच जाब सीट न बदलणाऱ्यालाही विचारला पाहिजे, असं मला वाटतं.

रोज करायचं थोडकं आहे. पाळी सुरू करताना गेज ग्लासचे, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचे, कॉक उघडून आतल्या वाफ-पाण्याने काच फुंकून घ्या, कारण गाळाने तुंबलेली काच पाणी नसतानाही पातळी दाखवत राहते. दोन काचा असतील तर दोन्ही ताडून बघा. काचेत पाणी दिसेनासं झालं तर घाबरून पंप सुरू करू नका. तापून लाल झालेल्या पत्र्यावर गार पाणी पडणं हाच मोठा धोका. आग ओढून काढा, माणसं लांब न्या, बॉयलर आपोआप निवू द्या. अपघात झालाच तर २४ तासांच्या आत निरीक्षकांना लेखी कळवावं लागतं, आणि अपघाताबरोबर सर्टिफिकेटही संपतं.

तपासणीत सगळं ठीक निघालं की जास्तीत जास्त १२ महिन्यांचं सर्टिफिकेट मिळतं. त्यावरचा दाबाचा आकडा नीट वाचा, जुन्या बॉयलरचा दाब निरीक्षक कमीही करतात. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत मुख्य निरीक्षकांकडे अपील करता येतं. सर्टिफिकेट मालकाच्या कपाटात ठेवाच, पण एक प्रत बॉयलरच्या शेडमध्ये लावा. आणि त्याच दिवशी, आग पेटवण्याआधी, प्रेशर गेजवरची लाल रेघ त्या आकड्यावर आणून घ्या. अटेंडंट कागद वाचत बसत नाही, तो काटा आणि रेघ बघतो.